भलत्याच शिंपल्याचं झाकण

लॉस एंजेलिस, ९ फेब्रुवारी १९८७

किकुए आत्या,

माझं आयुष्य बदललं ते गेल्या गुरुवारी दुपारी, हॉटेल उघडायच्या आधी आम्ही नोकरमंडळी जेवायला बसतो तेव्हा, बांगड्याच्या एका तुकड्यावर. हसू नकोस. आधी पूर्ण वाच.

आयाको माझ्यासमोर बसली होती. आयाको म्हणजे मालकांची, हामासाकीसानांची मुलगी. आई ती लहान असतानाच गेली. गल्ल्यावर बसते आणि सकाळी हिशेबाच्या क्लासला जाते. तिनं आपल्या ताटलीतल्या भाजलेल्या बांगड्याचा पोटाकडचा तुकडा उचलला आणि माझ्या भातावर ठेवला. इथवर विशेष काही नाही. पण आत्या, तिनं जेवणाच्या काड्या फिरवल्या नाहीत. ज्या टोकानं ती स्वतः खात होती, त्याच उष्ट्या टोकानं तिनं मला वाढलं. लहानपणी माझ्या मनगटावर फटका मारून तूच शिकवलं होतंस ना, की दुसऱ्याला वाढताना काड्या उलट्या धरायच्या, मागच्या कोऱ्या टोकानं वाढायचं, उष्टं टोक फक्त घरच्यांत चालतं? मग सांग, मी तिचा कोण झालो?

मी त्या तुकड्याकडे बघत बसलो. आमचे मुख्य आचारी ओदासान म्हणाले, ‘‘खातोस, की देव्हाऱ्यात ठेवतोस?’’ सगळे हसले. तीही हसली. तिची हसताना तोंडावर हात घ्यायची पद्धत आहे, पण त्या वेळी तिनं हात घेतला नाही.

बाबांनी तुला काय सांगितलंय ते मला माहीत आहे. पोरगं बर्कलीचं कॉलेज अर्ध्यावर टाकून लिटल टोकियोत तांदूळ धूत बसलंय. खरं आहे. नाताळच्या सुटीत मित्रांबरोबर इथे जेवायला आलो होतो. गल्ल्यापाशी ती उभी होती. सुटी संपली, मित्र परत गेले, मी गेलो नाही. बाबा सॅन होजेच्या आपल्या रोपवाटिकेत झाडांशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. मी सकाळी तांदूळ धुतो, तो शिजला की पंख्यानं वारा घालून निववतो, माशांचे खवले काढतो आणि संध्याकाळी काउंटरवर गिऱ्हाइकांना गरम टॉवेल नेऊन देतो. हातांना सतत व्हिनेगरचा वास येतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही यायचा, पण तिथे कुणी मला बांगडा वाढत नव्हतं.

हे घरात तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून तुला लिहिलं.

तुझा,
इसामु


शिकागो, २० फेब्रुवारी १९८७

इसामु,

पत्र दोनदा वाचलं. एकदा हसण्यासाठी, एकदा काळजी करण्यासाठी.

युद्धात आम्हा जपान्यांना डांबलं होतं त्या छावणीतून सुटून मी या गावात आले ती हातात एक पेटी घेऊन. त्यानंतर अठरा वर्षं मी किमोनो नेसून लोकांना वाढलं. त्या अठरा वर्षांत माझ्याकडे बघून किती पुरुष हसले असतील. ते मासा ताजा होता म्हणून हसले, की पोट भरलं म्हणून, की खरंच माझ्याकडे बघून, हे शोधत बसले असते तर माझ्या हातून किती वाट्या फुटल्या असत्या कुणास ठाऊक.

तूच लिहिलंस की त्या मुलीची आई ती लहान असतानाच गेली. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, आईवेगळी पोर. काड्या फिरवायला तिला शिकवणार कोण? बापानं शिकवलं असेल ते गल्ला सांभाळायला. तिच्या ताटलीत मासा जास्त झाला आणि तुझ्यात कमी होता. बांगड्याचा एवढाच अर्थ असू शकतो, बाळा.

असू शकतो, असं म्हणतेय. नसेलही. मग एक सोपा उपाय आहे. तिला विचार. तोंडानं, साध्या शब्दांत, दिवसाउजेडी. हो म्हणाली तर मी पुढच्या विमानानं येते आणि तुझ्या बापाला गप्प करते. नाही म्हणाली तर बर्कलीची बस पकड. पण तुरी अजून बाजारात आहेत, तोवर घरात भांडणं नकोत.

तुझ्या बाबांशी माझं बोलणं झालं नाही. तो फोन करतो, आणि मी घरात नसते.

आत्या


लॉस एंजेलिस, २ मार्च १९८७

आत्या,

तुझं पत्र वाचून मी तांदळाचं पातेलं आपटलं. ओदासान म्हणाले, पातेल्यानं काय केलंय? त्यांना काय सांगू, की शिकागोत माझी एक आत्या आहे, तिला सगळं कळतं.

तिला काड्या फिरवायला येत नाहीत म्हणतेस? मी महिनाभर बघतोय. ओदासानांना वाढताना फिरवते. भांडी घासणारा आमचा मेक्सिकन रोहेलियो, त्याला तर ही रीत माहीतही नाही, त्याला वाढतानाही फिरवते. बापाला वाढताना फिरवत नाही, आणि मला वाढलं तेव्हा फिरवल्या नाहीत. आता बोल.

आणि विचार म्हणे. हे तुझं अमेरिकन झालेलं बोलणं आहे. आपल्यात असं तोंडावर विचारतात का? तोंडावर विचारलं की समोरच्याला तोंडावर उत्तर द्यावं लागतं. तिला तशा पेचात मी का टाकू? तिला माझं न बोललेलं कळतं. मी टॉवेल घेऊन बाहेर येतो तेव्हा ती मान वर न करता मला वाट देते. इतकं कळतं.

पण तुला आणखी एक सांगायचंय. सुगिमोरी नावाचा एक माणूस दर महिन्याला येतो. टोकियोच्या एका व्यापारी कंपनीनं त्याला तुझ्या शिकागोतल्या कचेरीत बसवलंय. कामासाठी इकडे आला की काउंटरवर मधल्या खुर्चीत बसतो आणि काय द्यायचं ते ओदासानांवर सोडतो. हामासाकीसान स्वतः येऊन त्याचा साकेचा पेला भरतात. त्या दिवशी त्याच्या शेजारी सिनेमावाला एक अमेरिकन बसला होता. तो सुशीचा घासामागून घास भाताच्या बाजूनं सोया सॉसमध्ये बुडवत होता. भात सुटून वाटीत तरंगायला लागला. ओदासान त्याच्याकडे बघून हसले आणि जपानीत म्हणाले, ‘‘पोहू दे बिचाऱ्याला.’’ त्याला वाटलं कौतुक झालं. त्यानं मान लववून आभार मानले. सुगिमोरी मात्र आधी पांढरा मासा घेतो, मग लाल, मग तेलकट. घास उलटा करून माशाच्या कडेनं सॉसला नुसता टेकवतो. सगळं बरोबर करतो. बरोबर करणाऱ्या माणसाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

तो विनोद करतो तेव्हा आयाको हसते, पण तोंडावर हात घेऊन. मी नीट बघितलंय.

सोबत फोटो पाठवतोय. नवीन वर्षाला आम्ही मागच्या अंगणात भात कुटून वड्या केल्या, तेव्हाचा. डावीकडून दुसरी ती. तिचा उजवा कान बघ. आणि मग मला सांग, बर्कलीची बस पकड म्हणून.

इसामु


शिकागो, १८ एप्रिल १९८७

इसामु,

उत्तराला उशीर झाला. गुडघे, दुसरं काय. थंडी संपली तरी त्यांना अजून कळलेलं नाही.

काल मैत्रिणीच्या साठीला आम्ही चौघीजणी क्लार्क स्ट्रीटवर जेवायला गेलो होतो. पूर्वी मी तिथे कामाला होते, आता मालक बदललाय. तळलेली कोलंबी मऊ पडली होती. माझ्या काळी अशी कोलंबी टेबलावर गेली असती तर आचाऱ्यानं तीच माझ्या तोंडावर फेकली असती. वाढणारी मुलगी कोरियन होती, गोड होती, पायात बुटाच्या जागी चप्पल घालून आली होती. शेजारच्या टेबलावर तरुण मंडळी बसली होती. खूप हसत होती. तरुण माणसं हसताना बघितली की बरं वाटतं, आणि परत येताना बसमध्ये उगाच वाईट वाटतं.

तुझी आयाको कधी गावाबाहेर जाते का? सहज विचारलं.

फोटो माझ्याकडेच राहू दे. कान चांगला आहे.

कॉलेज पुढच्या वर्षी परत घेईल का, एवढी नुसती चौकशी करून ठेव. चौकशीनं काही बिघडत नाही. तू तिला विचारलंस का, ते लिहिलं नाहीस.

आत्या


लॉस एंजेलिस, २७ एप्रिल १९८७

आत्या,

गंमत बघ. तू विचारलंस आणि ती तुझ्याच गावाला जाऊन आली. ईस्टरला शिकागोच्या मामेबहिणीकडे गेली होती. आधी माहीत असतं तर तुझा पत्ता दिला असता. येताना तिकडचे साखरपाकातले मक्याचे फुटाणे घेऊन आली, सगळ्यांसाठी. माझा डबा रोहेलियोच्या डब्यापेक्षा मोठा होता. रोहेलियो म्हणतो सारखेच आहेत. त्याला चष्मा लागलाय.

पण आता जे लिहितोय ते नीट वाच.

९ मेला शनिवारी वरची चटयांची खोली इतर गिऱ्हाइकांना बंद ठेवायचीय. सुगिमोरीची आई कानाझावाहून येतेय. आयाकोची सोयरीक ठरवण्याचं जेवण आहे. मला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. ओदासानांनी मासेवाल्याला फोनवर सांगताना मी ऐकलं. अख्खा लाल मासा, लाल चवळीचा भात, आणि साध्या पाण्यातलं शिंपल्यांचं सूप. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, शिंपले तू साफ कर, पण जोडी सुटू देऊ नकोस. मग स्वतःच सांगितलं. या शिंपल्याच्या दोन झाकणांना जगात तिसरं झाकण बसत नाही. म्हणून लग्नाच्या वाटीत हाच शिंपला, दुसरा नाही.

ती या लग्नाला तयार आहे असं मला वाटत नाही. तो आला की ती तोंडावर हात घेऊन हसते. बापासाठी करतेय. बाप एकटा, हॉटेल जुनं, जावई कंपनीतला. हे मला कळतं तर तिला कळत नसेल?

म्हणून मी ठरवलंय. तिच्या वाटीतल्या शिंपल्याची जोडी मी बिजागरीपाशी हळूच सोडवणार आणि एका बाजूला दुसऱ्याच शिंपल्याचं झाकण लावून ठेवणार. रंग तोच, आकार तोच. सुपात कुणाला दिसणार नाही. ती मांस खाईल आणि रीतीप्रमाणे शिंपला मिटायला जाईल. तो मिटणार नाही. तेव्हा तिला कळेल की खोलीत कुणीतरी आहे ज्याला हे लग्न खोटं वाटतं. आणि ते कोण, हेही कळेल. मग ती नाही म्हणेल. एका शब्दाचं काम आहे, आणि तो शब्द तिच्याकडे आहेच. मी फक्त आठवण करून देणार.

तू विचार विचार म्हणत होतीस ना. हे माझं विचारणं.

इसामु


शिकागो, ४ मे १९८७

इसामु,

हे पत्र जलद टपालानं पाठवतेय. तुझ्याकडे फोन नाही, आणि हॉटेलात फोन केला तर ती उचलेल.

हे करू नकोस.

क्लार्क स्ट्रीटवर शेजारच्या टेबलावर हसत होती ती आयाको होती. आल्याआल्या मी ओळखलं, डावीकडून दुसरी. बरोबर सुगिमोरी आणि त्याच्या कचेरीतलं एक जोडपं होतं. इसामु, ती बापासाठी काही करत नव्हती. त्याच्या खांद्याला डोकं टेकून इतकी हसत होती की तिला पाणी द्यावं लागलं. तोंडावर हात घेणं वगैरे काही नव्हतं. तो हात तू जिथे बघतोस तिथे बाप समोर असतो, म्हणून असतो.

निघताना मी मुद्दाम तिच्यापाशी थांबले. म्हटलं, तुम्ही लॉस एंजेलिसच्या हामासाकींच्या का? उठून उभी राहिली, वाकून हो म्हणाली. चांगल्या घरची आहे. मी म्हटलं, तिथे इसामु कुवाबारा नावाचा मुलगा काम करतो ना? तिला क्षणभर विचार करावा लागला. मग म्हणाली, ‘‘हो, इसामु. तांदूळ छान धुतो.’’

एवढं एक वाक्य मी तुझ्यापासून लपवलं. वाटलं, ताप आहे, आपला आपण उतरेल. तिनं स्वतः सांगितलं तर तुला कमी लागेल. मी तुला कोलंबीबद्दल लिहिलं.

शिंपल्याला हात लावू नकोस. ती आई कानाझावाची आहे. ते लोक शब्द विसरतात, वाटीत काय होतं ते विसरत नाहीत. त्या मुलीचं वाटोळं करशील, आणि तिला का ते कळणारही नाही.

आत्या


लॉस एंजेलिस, १२ मे १९८७

आत्या,

तुझं पत्र शुक्रवारीच आलं होतं. मी उघडलं नाही. आत काय असेल ते मला माहीत आहे असं वाटलं. उपदेश असेल. अंगरख्याच्या खिशात ठेवून मी शिंपले साफ केले. शनिवारी संध्याकाळी वर वाट्या घेऊन जातानाही ते खिशातच होतं.

झालं ते असं. मी वाटी तिच्यापुढे ठेवली आणि दाराशी गुडघ्यांवर बसलो. तिनं मांस खाल्लं. शिंपला मिटायला गेली. मिटला नाही. पुन्हा करून बघितला. तिनं मान वर केली, माझ्याकडे नाही, सुगिमोरीकडे, आणि हसत म्हणाली, ‘‘अरे बघ, माझं झाकण भलतंच आलंय.’’ त्यानं आपलं झाकण तिच्या झाकणावर लावून बघितलं. तेही बसेना. मग दोघं आणखीच हसली. आत्या, ती दोघं खेळत होती. त्या शिंपल्याला काही अर्थ असतो हे तिला माहीतच नव्हतं. तिला कोण सांगणार? आईवेगळी पोर. हे तूच लिहिलं होतंस, काड्यांबद्दल.

ज्यांना माहीत होतं त्या तिच्यासमोर बसल्या होत्या. सुगिमोरीच्या आईनं दोन्ही झाकणं बघितली. आपल्या सुपाच्या वाटीवर वाटीचं झाकण परत ठेवलं, सूप तसंच. आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘‘कॅलिफोर्नियाचे शिंपले वेगळे असतील.’’

हामासाकीसान पांढरे पडले. मासा आला, भात आला, फळं आली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. निघताना आईनं सांगितलं, साखरपुड्याच्या भेटवस्तूंची देवाणघेवाण आज नको, दिवस पुन्हा बघून घेऊ.

पाहुणे गेले आणि आयाको भटारखान्यात आली. कुणीतरी जिन्यात तिला समजावून सांगितलं असावं. ओदासान सुरी धूत होते. शिंपले मीच साफ केले होते; त्यांनी वर बघितलं नाही, तिथेच तिला कळलं. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी सगळं बोलून टाकलं. कॉलेज, नाताळ, गल्ला, सगळं. म्हटलं, तू मला उष्ट्या काड्यांनी बांगडा वाढलास.

‘‘कुठला बांगडा?’’ ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. आठवायचा प्रयत्न करत होती. रागातही प्रयत्न करत होती, आणि तिला आठवत नव्हतं. मग म्हणाली, ‘‘तुला तोंड होतं ना, इसामु? इतके महिने होतं. मग माझ्या वाटीला का बोलायला लावलंस?’’

मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन तुझं पत्र उघडलं. तांदूळ छान धुतो.

तू तिला बघितलंस. तिच्याशी बोललीस. आणि मला लिहिलंस काय, तर कोलंबी मऊ पडली होती, आणि वाढणारी चप्पल घालून आली होती. तुझ्या एका ओळीनं हे सगळं थांबलं असतं. तू माझी आत्या आहेस की त्यांची?

इसामु


शिकागो, २० मे १९८७

इसामु,

अर्धी चूक माझी. पूर्ण घेणार नाही, कारण पाकीट न उघडता खिशात ठेवणारा तू होतास.

आपल्या घराण्याला एक रोग आहे. तुझे आजोबा बोलले नाहीत, तुझा बाप झाडांशी बोलतो, मी फोन वाजला की घरात नसते, आणि तू शिंपल्याकडून निरोप पाठवतोस. समोरच्यानं ओळखून घ्यावं. आपण का सांगावं? आणि समोरचा ओळखतो ते भलतंच.

एक कर. हामासाकींनी तुला अजून काही म्हटलेलं नाही, असं दिसतंय. ते काही म्हणण्याआधी तू जा. खाली वाक आणि स्वतःच्या तोंडानं सांग, मी केलं. ते शिव्या देतील. खा. थोबाडीत मारली तर तीही खा. माझ्या आचाऱ्यानं माझ्यावर कढई उगारली होती, आणि दुसऱ्या दिवशी तोच मला जेवायला वाढत होता. शिव्या घरच्या माणसाला देतात, परक्याला नाही. खाऊन झाल्या की इकडे ये. सोफा रिकामा आहे.

आत्या


लॉस एंजेलिस, ३१ मे १९८७

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं.

काल हॉटेल उघडायच्या जरा आधी मी हामासाकीसानांसमोर जमिनीला कपाळ टेकलं. सांगितलं की झाकण मी बदललं, ओदासानांचा काही संबंध नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की लग्न ठरलंय. सुगिमोरीनं आईची समजूत काढली. पुढचं जेवण जूनमध्ये शिकागोला होईल, इथे नाही. आईची एवढी एकच अट होती, या छपराखाली नको. हे सांगताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. आईमागं त्यांनीच वाढवलेल्या मुलीच्या लग्नाचं जेवण त्यांच्याच हॉटेलात होणार नाही, आणि ते मला हे असं सांगत होते जसं आज टूना कमी आलाय.

मी शिव्यांची वाट बघत होतो.

ते म्हणाले, ‘‘कुवाबारासान, आपण बसा.’’

पाच महिने मी त्यांच्यासाठी इसामु होतो. एऽ इसामु, होतो. मला वाटलं, कुठेतरी ऑफिसात बसायला सांगतायत. त्यांनी काउंटरवरची मधली खुर्ची मागे ओढली. मी बसलो. रोहेलियो गरम टॉवेल घेऊन आला. त्याला कुणी काय सांगितलं होतं माहीत नाही, पण त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. टॉवेल मी रोज द्यायचो तसाच, गुंडाळीचं तोंड उजवीकडे करून ठेवला. हामासाकीसानांनी माझा पेला भरला. मी त्यांचा भरायला हात पुढे केला तर म्हणाले, ‘‘आपण कशाला तसदी घेता?’’

मग ओदासानांनी वाढायला सुरुवात केली. आधी पांढरा मासा. मग माकूळ, जाळीदार काप देऊन. मग लाल. एकेक घास करून समोर ठेवायचे, दोन्ही हातांनी, आणि अर्धं पाऊल मागे सरायचे. मी म्हटलं, ओदासान, माझं चुकलं. ते म्हणाले, ‘‘यानंतर काय घ्याल?’’ मी पुन्हा म्हटलं. त्यांनी विचारलं, वासाबी जास्त तर झाली नाही ना? अगदी अदबीनं. याच माणसानं मला या भाताच्या गोळ्यावरून गाढव म्हटलं होतं, आणि त्या दिवशी मी खूश होतो.

आत्या, मी त्या हॉटेलात कधी गिऱ्हाईक म्हणून नीट जेवलोच नव्हतो. नाताळात आलो तेव्हा गल्ल्याकडेच बघत होतो. अन्न अप्रतिम होतं. भात कोमट, हाताच्या उबेइतका. कुणी धुतला असेल, नवा कोणी असेल, चांगला धुतला होता. मी रडत होतो आणि खात होतो, आणि खोलीतल्या एकाही माणसानं मला रडताना बघितलं नाही. गिऱ्हाईक रडलं तर बघायचं नसतं. हे मलाच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

शेवटी आयाको चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवून तिनं त्याची चित्राची बाजू माझ्याकडे वळवली. मी तिचं नाव घेतलं. ती वाकली, सगळ्यांसाठी वाकते तितकीच, आणि म्हणाली की गरम आहे, सावकाश घ्या. तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होतो. एवढासा मिळाला असता तरी घेऊन निघालो असतो.

मी खिशात हात घातला तर हामासाकीसान म्हणाले, आज आमच्याकडून.

तू म्हणालीस शिव्या घरच्यांना देतात. मला एकही मिळाली नाही.

मी उठलो. रोज मी मागच्या दारानं, भांड्यांच्या बाजूनं ये-जा करायचो. त्या बाजूला वळलो तर हामासाकीसान माझ्या आणि त्या दाराच्या मध्ये उभे होते, हात पुढच्या दाराकडे करून. दाराबाहेर पहिली गिऱ्हाइकं उभी होती, म्हातारं अमेरिकन जोडपं, थोडं बाजूला होऊन मला वाट देत. मी बाहेर पाऊल टाकलं आणि मागून सगळे एका सुरात ओरडले, ओदासान, रोहेलियो, आयाको, जसे रोज प्रत्येकासाठी ओरडतात: ‘‘आभारी आहोत, पुन्हा या.’’

मी वळून सरकतं दार ओढलं आणि लावून घेतलं.

इसामु